दंडावर न उमटणारी खूण

ब्रह्मपुरीच्या बाजारात पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थाची बाही वर सरकली, की दंडावर देवीच्या लशीचा वाटोळा व्रण दिसतो. तो कातडीवरच कोरलेला सरकारी दाखला होता; १९७७ साली देश देवीमुक्त ठरला आणि त्याची जरुरी सरली. कांजिण्यांचा असा दाखला मात्र अंगावर शोधून सापडत नाही. कपाळावर एखादा खळगा राहिला तर राहिला, नाहीतर सगळी भिस्त आईच्या स्मरणावर.

आणि स्मरण फसवे असते. आमच्या झाडीपट्टीत मोहफुले वेचण्याच्या दिवसांत दाराला कडुलिंबाची डहाळी दिसली आणि घरातील फोडणीचा वास थांबला, की लेकराला माता आली हे शेजाऱ्यांना न सांगता कळते. देवी आणि कांजिण्या हे भिन्न रोग असल्याचे विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये विशद केले. परंतु लोकभाषेने देवी, गोवर आणि कांजिण्या या तिघींनाही माताच म्हटले. या श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही, कारण रुग्णाला निराळे निजवण्याची आणि पाहुण्याला उंबऱ्याबाहेर थांबवण्याची त्यातील शिस्त खरोखर मोलाची आहे. पण ‘लहानपणी माता आली होती’ एवढ्या उत्तराने ती कोणती माता, याचा उलगडा होत नाही.

पाण्याच्या थेंबासारखे फोड आईने डोळ्यांनी पाहिले असतील, तर बहुधा तेवढी साक्ष पुरे. रक्त काढण्याचे कारण नाही. पण पहिलटकरीण माहेरी आलेली असावी, तिसरा महिना चालू असावा, तिने भाच्याला मांडीवर घेऊन भरवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीवर फोड उठावेत, म्हणजे प्रश्न निराळा होतो. कारण फोड दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच हा रोग पसरू लागतो. तिला कांजिण्या झाल्या तर फुप्फुसदाहाचे भय असते, आणि पहिल्या वीस आठवड्यांत शंभरातील एखाद्दुसऱ्या गर्भाला व्यंगाचा धोका संभवतो.

अशा वेळी दंडाच्या शिरेतून थोडे रक्त घेतात. ते गोठले की वर गव्हाळ रंगाचा रक्तद्रव तरंगतो. प्रयोगशाळेत शहाण्णव चिमुकल्या खळग्यांची एक तबकडी असते. खळग्यांच्या तळाशी कांजिण्यांच्या विषाणूचे अंश चिकटवलेले असतात. रक्तद्रवात त्या विषाणूला ओळखणारी ‘आयजीजी’ प्रतिपिंडे असली तर ती तेथे घट्ट बसतात, बाकी सारे धुऊन जाते, आणि अखेरचे रसायन पडताच तो खळगा पिवळा होतो. संपर्कानंतर लगेच घेतलेल्या रक्तात ही प्रतिपिंडे आढळली, तर ती जुन्या रोगाचीच होत. नव्या संसर्गातून ती इतक्या त्वरेने निर्माण होत नाहीत. म्हणून दिवस मोजणे महत्त्वाचे. प्रतिपिंडे नसली तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते, आणि त्याची मुदत संपर्कापासून जेमतेम दहा दिवसांची असते.

लस मात्र त्या वेळी देता येत नाही. जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये सिद्ध केलेली ही लस जिवंत, परंतु क्षीण केलेल्या विषाणूची आहे. गरोदरपणी ती वर्ज्य. आपल्याकडील सरकारी लसीकरणात ती अद्याप नाही, आणि उष्ण मुलखात कांजिण्या अनेकांना तारुण्यात गाठतात. गडचिरोलीच्या विरळ वस्तीतून शिकायला आलेली मुलगी वसतिगृहाच्या दाटीतच हा रोग प्रथम पाहते, असे सहज घडू शकते. म्हणून लग्न ठरताच, जिला आठवण नाही तिने ही तपासणी करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. लागल्यास दोन मात्रा घेऊन शेवटच्या मात्रेनंतर एक महिना गर्भधारणा टाळता येते.

त्यानंतर पुन्हा रक्त तपासण्याचे कारण नाही, कारण नेहमीच्या तपासण्यांना लशीने आलेली प्रतिकारशक्ती पुष्कळदा दिसतच नाही. लशीच्या दोन तारखांचा कागद मात्र जपावा, आणि पुढे बाळंतपणाचे कार्ड मिळाले की त्यालाच टाचून ठेवावा.