शब्द कोणत्या तासाचा?

१ ला ७ ने भागायला घ्या आणि मध्येच थांबू नका. उत्तर येतं ०.१४२८५७, मग पुन्हा १४२८५७ आणि पुन्हा १४२८५७. कागद संपेल, पण हे सहा अंक त्याच क्रमाने फिरून फिरून येतच राहतील. गणिताच्या पुस्तकात याला आवर्ती दशांश म्हणतात.

गणिताचा तास संपतो, विज्ञानाचा सुरू होतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा आहे : मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठरावीक अंतराने तेच गुणधर्म पुन्हा डोकं वर काढताना दिसले. फिरून येणं इथेही आहे. याच पुस्तकात काही धड्यांनंतर प्रकाशाचं अपवर्तन भेटतं. हवेतून काचेत तिरपा शिरणारा किरण आपली सरळ वाट सोडून वळतो, ते अपवर्तन. आरशावर आदळून माघारी फिरतो, ते परावर्तन. भूगोलाच्या तासाला विषुववृत्त आणि कर्कवृत्त पृथ्वीला वेढा घालतात, आणि कमी दाबाच्या केंद्राभोवती गरगरणारे आवर्त वारे येतात. भूमितीत वर्तुळ असतं, त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं परिवर्तुळ असतं. मराठीच्या तासाला कवितेचं वृत्त ओळखायचं असतं. तबल्याच्या शिकवणीला तालाचं आवर्तन समेवर येऊन मिळतं. आणि घर शेतकऱ्याचं असेल, तर संध्याकाळी ओट्यावर चर्चा चाललेली असते, की कालव्याला उन्हाळी आवर्तन कधी सुटणार!

हे सगळे शब्द एका धातूची लेकरं आहेत. संस्कृतातला ‘वृत्’, म्हणजे वळणं, फिरणं. समईसाठी वळतो ती वात याच घराण्यातली. आजी ‘वाटोळं’ म्हणते, तो शब्द वर्तुळाचाच सख्खा नातेवाईक. परिवर्तन, निवृत्ती, पुस्तकाची आवृत्ती, वर्तमान ही मंडळीही तिथलीच. केवढं हे गोत! आणि दहावीतली मुलगी एका दिवसात यातल्या निम्म्या शब्दांना भेटून घरी येते. ते एकमेकांचे कुणी लागतात, हे मात्र तिला क्वचितच कुणी सांगतं. वेळापत्रकाने त्यांना वेगवेगळ्या तासांत वाटून टाकलेलं असतं.

मुलांना शब्द कसे येतात, हा प्रश्न मला फार मोठा वाटतो, कारण त्याच्या दोन्ही टोकांना आश्चर्य आहे. एक टोक १९७८ मध्ये सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी अमेरिकेत दाखवून दिलं. बालवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना बाईंनी सहज जाता जाता सांगितलं, “तो क्रोमियम ट्रे आण बरं. निळा नको, क्रोमियम.” समोर दोनच ट्रे होते, एक निळा आणि एक ऑलिव्ह रंगाचा. रंगाचं नाव म्हणून ‘क्रोमियम’ हा शब्द मुलांनी कधी ऐकलेला नव्हता. तरी त्यांनी बरोबर ट्रे आणला. पुढे आठवड्याभराने पाहिलं, तर कित्येक मुलांच्या मनात त्या एका ऐकण्याचा काही ना काही ठसा उरला होता. धडा नाही, फळा नाही, घोकंपट्टी नाही. कामाच्या ओघात कानावर पडलेला एक शब्द, आणि मन त्याच्यासाठी लगेच जागा करतं.

दुसरं टोक याच प्रयोगात होतं. जागा झाली, पण अर्थ अर्धवट होता. तो रंग आहे एवढं कळलं, नेमका कोणता हे पक्कं व्हायला पुढे पुष्कळ वेळ आणि पुष्कळ भेटी लागतात. शाळेतली बरीचशी शब्दसंपत्ती या दोन टोकांच्या मध्ये लटकलेली असते. ‘बाष्पीभवन’ ओळखीचं वाटतं, वाचता येतं, व्याख्याही पाठ असते. पण ओला टॉवेल पंख्याखाली लवकर का वाळतो, हे सांगताना तो शब्द ओठांवर येत नाही.

प्रत्येक शब्द वेगळा शिकवू म्हटलं तर ते अशक्य आहे. विल्यम नॅगी आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९८४ मध्ये इंग्रजीतल्या शालेय छापील मजकुराचा अंदाज काढला : नववीपर्यंतच्या वाचनात सुमारे ८८,५०० शब्दकुळं. एवढे शब्द कोणता शिक्षक शिकवणार? मग निवड करावी लागते, आणि खरी शिक्षणकला इथे सुरू होते.

निवडीची एक सुंदर रीत इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिऑन आणि लिंडा कुकन यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात मांडली. त्यांनी शब्दांचे तीन थर केले. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातले शब्द : पाणी, धावणं, आनंद. तिसऱ्या थरात एकेका विषयाचे खास शब्द : समद्विभुज, हरितद्रव्य, अक्षांश. यांची काळजी त्या त्या विषयाचे शिक्षक घेतातच. धड्यात ते ठळक अक्षरांत छापलेले असतात. मधल्या थरातले शब्द मात्र प्रत्येक पुस्तकात सापडतात : घटक, प्रक्रिया, परिणाम, प्रमाण, गृहीत, निष्कर्ष, तुलना. ते कुठेच ठळक छापले जात नाहीत. विज्ञानाच्या सरांना वाटतं, हे भाषेच्या बाई शिकवत असतील. भाषेच्या बाईंना वाटतं, हे त्या त्या विषयात होत असेल. आणि परीक्षेत प्रश्न येतो तो याच शब्दांत : ‘फरक स्पष्ट करा’, ‘भौगोलिक कारणे लिहा’, ‘निष्कर्ष लिहा’. उत्तर येत असूनही प्रश्नच न उमगल्यामुळे कितीतरी मुलं तिथे अडतात.

या पोरक्या शब्दांसाठी बॉस्टनमध्ये एक प्रयोग झाला. हार्वर्डच्या कॅथरिन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी शाळांबरोबर सहावी ते आठवीसाठी ‘वर्ड जनरेशन’ नावाचा कार्यक्रम आखला. आठवड्याला पाच शब्द, रोज साधारण पंधरा मिनिटं, आणि मुलांना खरोखर वाद घालावासा वाटेल असा एक प्रश्न. एका दिवशी भाषेच्या शिक्षकांनी ते शब्द त्या प्रश्नाच्या संदर्भात आणायचे, एका दिवशी गणिताच्या, एका दिवशी विज्ञानाच्या, एका दिवशी समाजशास्त्राच्या. आठवड्याच्या शेवटी मुलांनी तेच शब्द वापरून आपली बाजू लिहून काढायची. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहावी आणि आठवीच्या मुलांमध्ये या शब्दांच्या बाबतीत मुळात जेवढं अंतर होतं, तेवढी मजल या मुलांनी वीस-बावीस आठवड्यांत मारली होती. म्हणजे आपोआप व्हायला दोन वर्षं लागतात ते काम सहा महिन्यांच्या आत झालं. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नव्हती, त्या मुलांना तर फायदा अधिक झाला.

आपल्या शाळेत असा आठवडा कसा दिसेल? ‘प्रमाण’ हा एकच शब्द घेऊ आणि प्रश्न ठेवू : पोषण आहारात रोज खिचडीच असावी का? गणिताच्या तासाला आकडे येतील. पोषण योजनेच्या निकषांनुसार पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम. ताट मोठं झालं, प्रमाण मात्र दोन्हीकडे ५:१ राहिलं. इथे मुलाला प्रमाण दिसतं, कारण सगळं बदलूनही जे बदललं नाही, ते त्याच्या ताटातच आहे. विज्ञानाच्या तासाला तांदळातल्या आणि डाळीतल्या प्रथिनांचं प्रमाण ताडून बघता येईल. भूगोलाच्या तासाला भात कुठे आणि ज्वारी कुठे पिकते हे नकाशावर शोधताना कोपऱ्यातलं नकाशाप्रमाण वाचावं लागेल. मराठीच्या तासाला वाद रंगेल, आणि बाई विचारतील, “तू म्हणतोस त्याला प्रमाण काय?” इथे प्रमाण म्हणजे पुरावा. प्रमाणभाषेतलं ‘प्रमाण’ कोणतं, हे मग मुलंच विचारतील. आठवडा सरेपर्यंत या शब्दाला एक मध्यवर्ती अर्थ मिळालेला असेल : ज्याने मोजावं, ज्यावर भरवसा ठेवावा, ते.

शब्द उलगडून पाहण्यात मोठी गंमत आहे, पण फक्त फोड केली तर फसगतही होते. ‘उभयचर’ घ्या. फोड सोपी आहे : दोन्हीकडे वावरणारा. मग कासव उभयचर का नाही? वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची मादी समुद्रातून वाळूत येते, अंडी घालते, परत पाण्यात जाते. दोन्हीकडे वावरते, तरी ती सरीसृपच. या पेचासाठी एक फार साधं साधन आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ मध्ये डोरोथी फ्रेअर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या विचारातून ते आलं. कागदाचे चार चौकोन करायचे, मधोमध शब्द लिहायचा. एका चौकोनात व्याख्या, दुसऱ्यात लक्षणं, तिसऱ्यात उदाहरणं आणि चौथ्यात जे उदाहरण वाटतं पण नाही ते. बेडूक तिसऱ्यात जातो. कासव चौथ्यात जातं, आणि तिथेच वर्गात खरी झटापट सुरू होते. बेडकाचं पिल्लू पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतं आणि मग त्याचं शरीरच पालटतं. कासवाचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेच फुप्फुसांनी श्वास घेत. बेडकाची त्वचा पातळ आणि ओलसर, अंड्यांना कवच नाही. कासवाची अंडी कवचाची. चौथा चौकोन भरताना मुलं आधीचे तीन पुन्हा तपासतात, व्याख्या स्वतः दुरुस्त करतात. पाठांतराने जे होत नाही, ते या एका ‘नाही’ने होतं.

अजून एक गोष्ट महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, पानं, बिया, दगड यांचीच शैक्षणिक साधनं केली. ज्या मुलाच्या घरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलली जाते, त्याच्याकडे वस्तू असते, अनुभव असतो, त्यासाठी आपला शब्दही असतो. शाळेने त्याच्या शब्दाला आधी मान दिला, की मराठी शब्द त्याच्या शेजारी येऊन बसतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गातही हेच लागू आहे. ‘रिफ्रॅक्शन’ शिकवताना ‘अपवर्तन’ फळ्यावर शेजारी लिहायला किती वेळ लागतो? दोन्ही शब्द हाताशी असलेलं मूल दोन्ही भाषांतली पुस्तकं वाचू शकतं.

शेवटचं काम सर्वांत सोपं आणि सर्वांत दुर्लक्षित : पुन्हा विचारणं. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि थोड्याथोड्या अंतराने केलेली उजळणी एका दमात केलेल्या उजळणीपेक्षा जास्त टिकते. म्हणून शब्दभिंतीवर शब्द लावून भागत नाही. सोमवारचा शब्द गुरुवारी विचारावा, पुढच्या महिन्यात दुसऱ्याच विषयात विचारावा, आणि उत्तर मुलाच्या स्वतःच्या वाक्यात घ्यावं.

या सगळ्याला डिजिटल फळा लागत नाही, निधी लागत नाही, वेगळा तासही लागत नाही. लागते ती शिक्षकांच्या खोलीतली दहा मिनिटांची बैठक. शिक्षकांनो, येत्या शनिवारी सगळ्या विषयांची पुस्तकं एका टेबलावर उघडा, सगळ्यांत सापडणारे पाच शब्द निवडा, आणि सोमवारपासून तेच पाच शब्द प्रत्येक तासाला न्या. पालकांनो, मूल घरी आलं की किती गुण पडले हे नंतर विचारा. आज कोणता शब्द दोन तासांना भेटला, हे आधी विचारा.