वर्गातील काडीकिडा
वर्गात एखादा जीव पाळावा असे ज्या शिक्षकाच्या मनात येते, त्याने सशाच्या मोहात न पडता, तमिळनाडूच्या डोंगराळ प्रदेशातून युरोपात गेलेल्या आणि तेथील प्रयोगशाळांत व शाळांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या काडीकिड्याचा विचार अवश्य करावा. सुमारे 8 ते 10 सेंटिमीटर लांबीचा हा निशाचर कीटक दिवसभर वाळक्या काडीसारखा निश्चल असतो आणि ब्लॅकबेरी, आयव्ही किंवा प्रिव्हेट यांची ताजी पाने व त्यांवर शिंपडलेले थोडे पाणी एवढ्यावर त्याचा योगक्षेम चालतो. पिंजऱ्याच्या उंचीविषयी मात्र हयगय नको. कात टाकताना तो उलटा लोंबकळून जुन्या आवरणातून खाली सरकतो, म्हणून ती उंची त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी, अन्यथा तो जायबंदी होतो. तरुणपणी तुटलेला पाय पुढील कातींबरोबर पुन्हा फुटू लागतो, आणि हे प्रत्यक्ष पाहण्याचे भाग्य मुलांना लाभावे, असे मला मनापासून वाटते. या जातीत नर अत्यंत विरळ. माद्या नराविनाच शेकडो अंडी घालतात आणि ती कित्येक महिने तळाशी पडून मग उबतात. म्हणून साफसफाईचा कचरा बाहेर टाकण्यापूर्वी अंडी गोठवून नष्ट करण्याचा बंदोबस्त शिक्षकाने स्वतः ठेवावा, कारण कॅलिफोर्नियात असेच निसटलेले किडे बागांना उपद्रवी ठरले आहेत.