सिकलसेल : ‘चारात एक’ या आकड्याचा अर्थ

नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, त्यात आपल्या दिंडोरीसह पेठ व सुरगाणा तालुक्यांचाही समावेश होतो, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. वाहकास सहसा कोणताही त्रास जाणवत नाही. म्हणून तपासणीवाचून हे कळत नाही.

या २५ टक्क्यांचा अर्थ काही कुटुंबे ‘चार मुलांत एक रुग्ण’ असा घेतात. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची सुरक्षित, अशी त्यांची समजूत होते. परंतु ही जोखीम हप्त्यांनी फिटणारे कर्ज नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी ती पुन्हा तेवढीच असते.

संख्याशास्त्रातील द्विपद वितरणाने हा हिशेब मांडता येतो. आई-वडील दोघेही वाहक असलेली, प्रत्येकी चार अपत्यांची १०० कुटुंबे घेतल्यास सरासरीने सुमारे ३२ कुटुंबांत एकही रुग्ण नसेल, ४२ कुटुंबांत एक, २१ कुटुंबांत दोन व उरलेल्या ५ कुटुंबांत तीन किंवा चारही अपत्ये रुग्ण असतील.

मात्र हे सूत्र लावण्यापूर्वी त्याची गृहीतके तपासणे अगत्याचे आहे. अपत्यांची संख्या आधी ठरलेली असावी. रुग्ण मूल जन्मल्यावर दांपत्य थांबले, तर ही अट मोडते. शक्यता प्रत्येक वेळी समान असावी. दोहोंपैकी एक स्वतः रुग्ण व दुसरा वाहक असेल, तर ती २५ ऐवजी ५० टक्के होते. एका अपत्याचा निकाल दुसऱ्यावर अवलंबून नसावा; एकसारख्या जुळ्यांत तो एकच असतो.

आणखी एक अट रुग्णालयाच्या नोंदवहीत हमखास मोडते. आमच्याकडे कुटुंब येते ते मूल आजारी पडल्यावर. वरील ३२ कुटुंबे नोंदवहीत येतच नाहीत. उरलेल्या ६८ कुटुंबांतील २७२ मुलांपैकी सुमारे १०० रुग्ण, म्हणजे जवळजवळ ३७ टक्के दिसतात. आजार येथे अधिक तीव्रतेने पसरतो, असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल. हा फरक केवळ मोजणीच्या पद्धतीचा आहे. त्याचप्रमाणे एका पाड्यावरील शिबिरात आप्तस्वकीय एकत्र येतात. तेथील प्रमाण संपूर्ण तालुक्यास लावता येत नाही.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. रुग्ण नसलेल्या घरांचीही तपासणी का हवी, याचे उत्तर त्या ३२ कुटुंबांत आहे. त्यांतील मुले निरोगी दिसतात, पण त्यांतील अनेक वाहक असतात.

देणगीदारांनी दिलेली रक्कम रुग्णाच्या उपचारांइतकीच निरोगी दिसणाऱ्यांच्या तपासणीवर खर्च होणे आम्हांस म्हणूनच आवश्यक वाटते. आणि रुग्णांच्या आप्तांना नम्र विनंती, की विवाह ठरविण्यापूर्वी वधू-वर दोघांचीही रक्ततपासणी करून घ्यावी. विवाह झाला असल्यास गर्भधारणेच्या आरंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.