इंग्रजी शब्दकोशातील वाणी

वडाला इंग्रजीत काय म्हणतात, असे शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारले की 'बॅनियन ट्री' हे उत्तर तत्काळ येते. या नावात पारंब्या नाहीत, सावली नाही, फळही नाही. त्यात एक माणूस आहे आणि तो गुजरातचा व्यापारी आहे. 'बॅनियन ट्री' या शब्दांचा मूळ अर्थ 'वाण्यांचे झाड' इतकाच होतो.

संस्कृतातील 'वणिज्' या शब्दापासून मराठीत 'वाणी' आणि गुजरातीत 'वाणियो' हे शब्द आले. 'वाणिज्य' हा शब्दही त्याच कुळातला. खंबायत आणि सुरत येथील बंदरांतून हा शब्द अरब व पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडी बसला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दाखल झाला. प्रारंभी त्याचा अर्थ सरळ होता: गुजरातकडील हिंदू अथवा जैन व्यापारी. जैन कोण आणि वैष्णव कोण, हा भेद करण्याइतकी जवळीक त्या परकीयांना नव्हती. सुरतेच्या वखारीत धर्मोपदेशक असलेल्या हेन्री लॉर्ड याने 1630 मध्ये लंडनला एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात 'बॅनियन' हा एक धर्मपंथच मानला आहे. व्यवसायाचे नाव धर्माचे नाव होऊन बसले, आणि त्याचे कारण या व्यापाऱ्यांचे आचरण हेच होते.

परदेशी प्रवाशांना त्यांचा हिशेब जेवढा विलक्षण वाटला, त्याहून त्यांची जीवदया अधिक विलक्षण वाटली. पोर्तुगीज लेखक द्वार्ते बार्बोझा याने 1516 च्या सुमारास लिहून ठेवले आहे, की हे वाणी कोणताही जीव मारीत नाहीत; काही लोक जिवंत पक्षी त्यांच्यापुढे आणून मारण्याचा धाक घालतात आणि ते पैसे मोजून त्या पक्ष्यांना सोडवितात. 1583 मध्ये भारतात आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने खंबायतेत लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी इस्पितळे असल्याची नोंद केली आहे. मुंग्यांना खाऊ घालण्याची प्रथाही त्याच्या नजरेतून सुटली नाही. पांजरपोळ हा शब्दही पुढे 'पिंजरापोल' या रूपाने हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात जाऊन बसला.

वडाला हे नाव मिळाले ते मात्र भारतात नव्हे. इराणच्या आखातावरील बंदर अब्बास, ज्याला इंग्रज 'गोम्ब्रून' म्हणत, तेथे गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्या बंदराजवळ एक विस्तीर्ण वड होता, त्याखाली या व्यापाऱ्यांनी लहानसे देवस्थान उभारले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या युरोपीय लोकांनी त्या एका वृक्षाला वाण्यांचे झाड म्हटले आणि पुढे ते नाव साऱ्या जातीला चिकटले. इंग्रज कवी जॉन मिल्टन याने 1667 च्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात मलबार आणि दख्खनमधील या पारंब्यांच्या वृक्षाचे वर्णन केले आहे. पण तेथे तो त्याला अंजिराचे झाड म्हणतो.

व्यापारी आणि वृक्ष यांचे नाते नुसत्या नावापुरते नव्हते. फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हर्निये याने 1676 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात दख्खनच्या हिऱ्यांच्या खाणीजवळचा एक प्रसंग आहे. गावच्या चौकातील झाडाखाली रोज सकाळी व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले येऊन बसत. प्रत्येकाच्या एका कुशीला हिऱ्यांच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या कुशीला पैशांची थैली. कोणी हिरा विकावयास आला की तो थोरल्या मुलाच्या हाती जाई, मग एकेकाच्या हातून न बोलता फिरून पुन्हा त्याच्याकडे येई, आणि सौदा तो करी. संध्याकाळी दिवसभराचे खडे निवडून मोठ्या व्यापाऱ्यांना विकले जात व नफा सर्वांत वाटला जाई. थोरल्याला इतरांहून पाव टक्का अधिक. पेढीवर बसण्यापूर्वीचे हे शिक्षण कोणत्याही शाळेहून कमी शिस्तीचे नव्हते.

या नामकरणात एक विसंगतीही आहे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पाच उदुंबर फळांत वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे येतात, कारण त्यांत सूक्ष्म जीव असतात. वनस्पतिशास्त्रही सांगते, की वडाचे परागण त्याच्या फळात शिरणाऱ्या बारीक कीटकांवाचून होत नाही. म्हणजे ज्या वृक्षावर जगाने वाण्याचे नाव कोरले, त्याचे फळ जैन वाणी तोंडात घालीत नाही. त्याच वृक्षाखाली भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झाले, असे परंपरा मानते. त्यामुळे फळ वर्ज्य असले तरी वृक्ष पूज्यच आहे. बंदर अब्बासच्या खलाशांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

हा शब्द पुढे कपड्यांतही शिरला. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेतील सधन पुरुष घरी जो सैल, पायघोळ झगा घालीत, त्याला 'बॅनियन' म्हणत. 1767 मध्ये चित्रकार कॉपली याने रंगविलेले बोस्टनचे व्यापारी निकोलस बॉयल्स्टन यांचे चित्र अशाच झग्यातले आहे. भारतातील इंग्रजांनी हे नाव अंगातल्या पातळ सदऱ्याला दिले, आणि आज दुकानात मागितला जाणारा 'बनियन' तो हाच. वाण्याचा शब्द परदेशवारी करून वाण्याच्याच दुकानी विक्रीला आला.

कलकत्त्यात त्याचा अर्थ आणखी पालटला. अठराव्या शतकात कंपनीच्या इंग्रज नोकरांचा खाजगी व्यापार सांभाळणारा, दुभाषाचे काम करणारा आणि प्रसंगी त्यांना भांडवल पुरविणारा दलाल म्हणजे 'बॅनियन'. हे लोक बहुधा बंगाली असत. वॉरन हेस्टिंग्जचे बॅनियन कृष्णकांत नंदी हे त्यांतले एक प्रसिद्ध नाव. या अर्थासोबत तिरस्काराची छटाही आली. कंपनीचे लोक ज्याला लोभी, कावेबाज म्हणून हिणवीत, त्याच्याच पैशावर त्यांचा व्यापार चाले. याची सुरुवात सुरतेतच झाली होती. तेथील जैन श्रेष्ठी वीरजी वोरा यांच्याकडून कंपनीच्या वखारीने सतराव्या शतकात वारंवार कर्जे उचलली आणि मिऱ्याच्या व्यापारात त्यांचा दबदबाही सोसला. पण शब्दकोश ऋणकोने लिहिला. धनकोची बाजू त्यात येणार कोठून?

या शब्दाची सर्वांत रंजक शाखा समुद्रावर फुटली. इंग्रजी आरमारात आठवड्यातून काही दिवस खलाशांना मांस मिळत नसे. त्या दिवसांना 'बॅनियन डे' म्हणत, म्हणजे वाण्याचा दिवस. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री 1689 मध्ये सुरतेच्या सफरीवर निघाला होता. त्याच्या 1696 च्या पुस्तकात या नावाचा उगम जणू डोळ्यांसमोर घडतो. तो खिचडीचे वर्णन करतो: डाळ आणि तांदूळ एकत्र शिजविलेले अन्न, बळ देणारे, पण फारसे रुचकर नाही असा त्याचा अभिप्राय. (खिचडीवर तूप किती होते, हे त्याने सांगितले असते तर या मताचे मोल ठरविता आले असते.) या किनाऱ्यावर गोऱ्या खलाशांना आठवड्यातून एक-दोनदा ही खिचडी खावी लागे, आणि मांसावाचून जाणाऱ्या त्या दिवसांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

टोबायस स्मोलेट याच्या 1748 च्या 'रॉडरिक रँडम' या कादंबरीत हे दिवस सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे दिले आहेत. नायक नौकेवर येतो तेव्हा त्याला हे नाव ऐकू येते, पण ते का पडले हे खलाशांनाही सांगता येत नाही. पूर्वेकडे कधीही मांस न खाणारा एक भाविक पंथ आहे आणि त्यावरून ते पडले, हे त्याला मागाहून कळते.

पर्युषणात किंवा अष्टमी-चतुर्दशीला जो श्रावक स्वेच्छेने उपवास करतो, एकासना करतो, हिरव्या भाज्याही सोडतो, त्याच्या नावाने खलाशी उपाशी पोटी शिव्या घालीत होते. एकाच्या लेखी जे व्रत, ते दुसऱ्याच्या लेखी कोठीतली काटकसर. खलाशाला दोषही देता येत नाही. त्याग हा निवडलेला असावा लागतो आणि त्याने काही निवडलेले नव्हते. पिंपातले खारवलेले मांस वाचविण्यासाठी वरिष्ठांनी त्याच्या ताटातून ते काढून घेतले होते. शब्दात मात्र दोघे एकत्र नांदले आणि सुरतेच्या वाण्याचा संयम इंग्रजी भाषेत शिधाकपातीचे नाव झाला.

आरमारातून ते दिवस गेले, शब्द राहिला. ब्रिटिश आणि कॅनडाच्या नौदलात 'बॅनियन' हा शब्द आजही प्रचारात आहे. दीर्घ सफरीत सुट्टी मिळाली की खलाशी किनाऱ्यावर उतरतात किंवा डेकवर जमतात, निखारे पेटवितात आणि त्यावर मांस भाजून मेजवानी करतात. त्या मेजवानीला ते 'बॅनियन' म्हणतात.