मोठे कण लहान कणांना खातात



माझी मुलगी शिक्षणासाठी लंडनला निघाली तेव्हा आम्ही सारे प्लेझान्स विमानतळावर तिला निरोप देण्यास गेलो होतो. विमान आकाशात दिसेनासे झाले. तेव्हा माझ्या आईने विचारले, "अरे, बारा तास एवढ्या आगीत ते लोखंड टिकते कसे?" मी शिक्षक असूनही मला नीट उत्तर देता आले नाही. मग वाचन केले. जे समजले ते आज आपणांस सांगतो.

इंजिनातील सर्वांत तापणारी पाती लोखंडाची नसतात, ती निकेलच्या मिश्रधातूची असतात. ती १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतात. शिवाय वेगाने फिरत असल्यामुळे प्रत्येक पात्यावर कित्येक टनांची ओढ पडते. निकेलमध्ये थोडे ॲल्युमिनियम मिसळतात आणि धातूला ठरावीक रीतीने तापवून थंड करतात. तेव्हा त्याच्या पोटात निकेल व ॲल्युमिनियमचे असंख्य बारीक कण तयार होतात. एका मिलिमीटरच्या रेषेत असे हजाराहून अधिक कण मावतात. धातू ताणला गेला की त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात. हे कण वाटेत उभे राहून त्यांना अडवतात. पात्याचे बळ बऱ्याच अंशी यातच आहे.

परंतु उष्णतेत हे कण जसेच्या तसे राहत नाहीत. लहान कणाचा पृष्ठभाग अधिक वक्र असल्यामुळे त्याच्यावरील अणू सैल धरलेले असतात. ते सुटतात, धातूतून वाट काढतात आणि मोठ्या कणाला जाऊन चिकटतात. मोठा मासा लहान माशाला खातो तसेच हे घडते. फरक इतकाच की येथे दोघांची गाठही पडत नाही. वीज वारंवार जात असेल तर फ्रिजमधले आईसक्रीम खरखरीत होते. तेथेही बर्फाचे बारीक कण विरतात आणि मोठे कण वाढतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते.

यात कणांचा एकूण साठा जवळजवळ तेवढाच राहतो, पण त्यांची संख्या घटते आणि त्यांच्यामधले अंतर वाढते. कुंपणाचे खांब दूर दूर गेले की गुरे आत शिरतात. तसेच अणूंचे थर कणांच्या मधून सरकू लागतात आणि पाते हळूहळू लांबते.

मग पात्यावर किती काळ भरवसा ठेवावा? लिफशिट्झ व स्ल्योझोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आणि जर्मनीच्या कार्ल वाग्नर यांनी याचे गणित मांडले. १९६१ साली ते जगासमोर आले. त्याचे सार असे की तापमान कायम असेल तर कणांच्या सरासरी त्रिज्येचा घन काळाच्या प्रमाणात वाढतो. आरंभीचा आकार अगदी लहान धरला तर त्रिज्या दुप्पट होण्यास आठपट काळ लागतो. म्हणजे ही वाढ उत्तरोत्तर मंदावते. मात्र तापमान वाढले की अणू भराभर धावू लागतात आणि वाढीचा वेगही चढतो.

हे गणित कण विरळ आहेत असे मानते. आजच्या पात्यांत मात्र निम्म्याहून अधिक भाग कणांनीच भरलेला असतो. शिवाय ते गोल न राहता चौकोनी होतात आणि ओढीखाली एकमेकांना जुळून पट्ट्यांसारखे पसरतात. म्हणून आता संगणकावर धातूचा छोटा तुकडा उभा करून त्यात अणूंची ये-जा व आतील ताण यांचा हिशेब करतात. हा हिशेब पडताळण्यासाठी धातूचे नमुने शेकडो, हजारो तास भट्टीत ठेवतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजतात. वापरलेल्या पात्यातील कण पाहून ते किती तापले होते याचा अंदाजही बांधता येतो. मिश्रधातूत ऱ्हेनियमसारखा जड धातू घातला तर अणूंची चाल मंदावते, हेही अशाच अभ्यासातून कळले.

आईला मी हे सारे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे कोणीतरी मोजून ठेवले आहे तर!" होय, मोजून ठेवले आहे, आणि पाती वेळोवेळी तपासून बदललीही जातात. आपल्या मुलांनी विचारले की घन आणि घनमूळ शिकून काय उपयोग, तर त्यांना ही पात्याची गोष्ट जरूर सांगा.