पेला मुरानोचा की नकलेचा?

पंधराव्या शतकाच्या मध्यावर व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर अँजेलो बारोव्हिएर या कारागिराने स्फटिकासारखी नितळ काच घडवली. ‘क्रिस्तालो’ या नावाने ती ओळखली जाते. सोन्याचा मुलामा आणि रंगीत मिनाकाम केलेल्या तिच्या पेल्यांना युरोपभर मागणी आली. कारागिरांनी ही विद्या बाहेर नेऊ नये म्हणून व्हेनिसने कडक कायदे केले, तरी काही जण निसटलेच. अँटवर्प, लंडन, इन्सब्रुक येथेही व्हेनिसच्या घाटाची काच बनू लागली. त्यामुळे जुन्या पेल्याचे मूळ गाव केवळ घाट आणि नक्षीवरून ठरत नाही. काचेतील घटक तपासावे लागतात.

काचेचा मुख्य घटक सिलिका. तो कमी उष्णतेत वितळावा म्हणून सोडा किंवा पोटॅश मिसळतात आणि काच टिकावी म्हणून चुना लागतो. व्हेनिसचे कारागीर सिलिकेसाठी तिचिनो नदीतले शुभ्र गारगोटे वापरत आणि सोड्यासाठी सीरिया-इजिप्तकडून वनस्पतींची राख आणत. क्रिस्तालोसाठी ही राख पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून शुद्ध केली जाई. या प्रक्रियेत चुना आणि मॅग्नेशिया मागे राहत. म्हणून साध्या व्हेनेशियन काचेपेक्षा क्रिस्तालोत त्यांचे प्रमाण कमी आढळते. गारगोटे शुद्ध असल्याने झिर्कोनियम आणि हाफ्नियमही अत्यल्प असतात. साधी वाळू वापरलेल्या काचेत ते वाढतात. उत्तर युरोपातल्या जंगली लाकडाच्या राखेची काच तर पोटॅशमुळे वेगळी ओळखू येते.

तपासणीच्या पद्धतींना आपापल्या मर्यादा आहेत. क्ष-किरण प्रतिदीप्तीत वस्तूला धक्का लागत नाही, पण प्रामुख्याने पृष्ठभागच तपासला जातो. जुन्या काचेच्या पृष्ठभागातून सोडियम झिरपून गेलेले असते, त्यामुळे आकडे फसवे ठरू शकतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरातील ‘एग्ले’ या त्वरकात प्रोटॉनचा झोत वस्तूवर सोडतात; त्यातून उमटणाऱ्या क्ष-किरणांवरून आणि गॅमा किरणांवरून घटक मोजता येतात. लेसरने केसाएवढे सूक्ष्म छिद्र पाडून वस्तुमान वर्णपटमापीने दशलक्षांश प्रमाणातली द्रव्येही सापडतात.

मिनाकामातून काळही उलगडतो. पांढऱ्या मिन्यात कथिलाचे ऑक्साइड आणि पिवळ्यात शिसे-कथिलाचे संयुग असते. निळ्या रंगाच्या कोबाल्टसोबत आर्सेनिक आढळले, तर ती काच बहुधा सोळाव्या शतकारंभानंतरची समजतात. हिरव्यासाठी क्रोमियम वापरले असेल, तर तो मिना पंधराव्या शतकातला असूच शकत नाही, कारण हे मूलद्रव्य 1797 मध्ये शोधले गेले. एकोणिसाव्या शतकातल्या नकला अशा पकडल्या जातात.

रसायनशास्त्राचा निकाल मात्र एकट्याने अंतिम ठरत नाही. परदेशी भट्ट्याही कधी व्हेनिससारखाच कच्चा माल मागवत आणि फुटकी काच वितळवून पुन्हा वापरत. म्हणून घटकांचे आकडे, घाट-नक्षीचा अभ्यास आणि भट्ट्यांच्या जुन्या नोंदी एकमेकांशी जुळल्यावरच पेल्याच्या मूळ गावाबद्दल खात्रीने बोलता येते.