खोक्यावरील आंकडा आणि पेटींतील वीज



प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाच्या सामानांत एके काळीं फिरकीच्या तांब्याला जो मान होता, तो आज एका चपट्या पेटीला मिळाला आहे. ‘पॉवर बँक’ या नांवानें ती ओळखली जाते. घरीं विजेनें भरून घ्यावी आणि वाटेंत मोबाईल मावळूं लागला म्हणजे त्यास ती पाजावी, असा तिचा उपयोग. परंतु तांब्यांत आणि या पेटींत एक फरक आहे. तांब्यांत पांच पेले पाणी भरलें तर पांच पेलेच बाहेर येतें. पेटीविषयीं मात्र घरोघर एकच गाऱ्हाणें ऐकूं येतें. खोक्यावर वीस हजार लिहिलें आहे, मोबाईलच्या बॅटरीवर पांच हजार लिहिलें आहे, तेव्हां मोबाईल चार वेळां भरावयास हवा. प्रत्यक्षांत तो जेमतेम अडीच वेळां भरतो आणि पेटी रिकामी होते. मग उरलेली दीड वेळची वीज गेली कोठें?

या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक ग्राहकास ठाऊक असावें, असें मला वाटतें. कारण या आंकड्यावर केवळ आपले हजार-दोन हजार रुपये नव्हेत, तर प्रसंगीं एका विमानांतील सर्व माणसांचे प्राणही अवलंबून असतात.

प्रथम तो आंकडा कशाचा, हें पाहूं. वीस हजार म्हणजे वीस हजार मिलिअँपिअर-तास. खोक्यावर त्याचीं इंग्रजी आद्याक्षरें ‘एमएएच’ अशीं छापलेलीं असतात. हें माप विजेच्या केवळ परिमाणाचें आहे, सामर्थ्याचें नव्हे. वर्गांत मुलांना मी हा भेद पाण्याच्या टाकीवरून समजावून देत असें. एका टाकींत हजार लिटर पाणी आहे, एवढें सांगितल्यानें त्या पाण्याकडून किती काम होईल तें कळत नाहीं. ती टाकी पहिल्या मजल्यावर आहे कीं चवथ्या, हेंही सांगावें लागतें. मिलिअँपिअर-तास हे जणूं लिटर, आणि व्होल्ट ही टाकीची उंची. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे खरें सामर्थ्य हातीं येतें. त्याचें माप वॅट-तास. हें माप आपणांस नवें नाहीं. दरमहा विजेच्या बिलांत जें ‘युनिट’ येतें, तें म्हणजे बरोबर १००० वॅट-तास.

आतां हिशेब सोपा आहे. पेटीच्या आंत जे लिथियमचे विद्युत्घट असतात, त्यांचा सरासरी दाब सुमारें ३.७ व्होल्ट असतो. वीस हजार मिलिअँपिअर-तास म्हणजे वीस अँपिअर-तास, त्यास ३.७ नें गुणिलें कीं ७४ वॅट-तास होतात. परंतु पेटीच्या तोंडांतून वीज बाहेर पडते ती साधारणतः ५ व्होल्टांनीं. म्हणजे पाणी अधिक उंच चढवून मग सोडलें जातें. सामर्थ्य तेंच राहून उंची वाढली, तर लिटर कमी होणारच. ७४ ला ५ नें भागा; वीस हजारांचे १४,८०० झाले. शिवाय हें चढविण्याचें काम फुकट होत नाहीं. कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें नाहींशी होते. पेटी हाताला कोमट लागते ती याच कारणानें. ही तूट वजा जातां बाहेर पडतात ते बारा-तेरा हजार. पुढें मोबाईल तो ५ व्होल्टांचा प्रवाह पुन्हां खालीं उतरवून आपल्या घटांत भरतो, आणि तेथेंही थोडी उष्णता होते. अशा रीतीनें ७४ वॅट-तासांतून सुमारें ५० वॅट-तासच मोबाईलच्या पदरांत पडतात. पांच हजारांच्या मोबाईलच्या बॅटरींत सुमारें १९ वॅट-तास मावतात. ५० भागिले १९ म्हणजे अडीच वेळांहून थोडें अधिक. गेलेली वीज सांपडली!

येथें एक गमतीची गोष्टही सांगतों. ७४ वॅट-तास म्हणजे एका युनिटाचा तेरावा-चौदावा हिस्सा. युनिटास दहा रुपये पडतात असें धरलें, तरी ही सबंध पेटी भरावयास, वाया जाणारी वीज मिळवूनही, एक रुपयाच्या आंतच खर्च येतो. म्हणजे आपण पैसे देतों ते विजेचे नव्हेत. ती बरोबर नेण्याच्या सोयीचे.

मग खोक्यावरील वीस हजार हा आंकडा खोटा म्हणावयाचा काय? नाहीं. तो घटाच्या पोटांतला खरा आंकडा आहे. फक्त तो आपल्या उपयोगाच्या जागीं मोजलेला नाहीं. प्रामाणिक कारखानदार याच पेटीच्या पाठीवर बारीक अक्षरांत आणखी दोन आंकडे देतो. एक वॅट-तासांचा, आणि दुसरा ५ व्होल्टांवर प्रत्यक्ष किती मिळेल त्याचा. या दुसऱ्यास ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणतात. मोठा आंकडा विक्रीसाठीं असतो. बारीक आंकडे ग्राहकासाठीं असतात. ग्राहकानें वाचावे ते बारीकच.

परंतु बाजारांत दुसऱ्याही जातीच्या पेट्या आहेत. त्यांच्यावरील आंकडा निव्वळ थापेचा असतो. त्यांची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा नको. स्वयंपाकघरांतील तराजू पुरे. कारण वीज सांठविण्यास पदार्थ लागतो आणि पदार्थाला वजन असतें. मोटारींत जी शिशाची जुनी बॅटरी असते, तिच्या एका किलोग्रॅमांत तीस-चाळीस वॅट-तास सांठतात. लिथियम-आयन घटानें ही मर्यादा पुष्कळ पुढें नेली. ‘सोनी’ या जपानी कंपनीनें हा घट १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणला, आणि त्याच्या मुळाशीं असलेल्या संशोधनासाठीं जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या घटाच्या चांगल्या प्रकारांत एका किलोग्रॅमास सुमारें अडीचशें वॅट-तास सांठतात. तेव्हां ७४ वॅट-तासांसाठीं नुसते घटच तीनशें ग्रॅमांच्या आसपास भरले पाहिजेत. वर पेटीचें कवच वेगळें. वीस हजार असें लिहिलेली पेटी तराजूंत दीड-दोनशें ग्रॅम भरली, तर लिहिणाऱ्याचा आंकडा खोटा आहे असें खुशाल समजावें. तराजूला जाहिरात वाचतां येत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण.

कमी वीज मिळाली एवढ्यावर भागलें असतें, तर हा विषय गृहखर्चापुरताच राहिला असता. पण जो आंकड्यांत फसवितो तो आंतील मालांतही फसवितो, ही भीति येथें खरी धोक्याची आहे. लिथियम घटाच्या आंत दोन पट्ट्या अगदीं लगत गुंडाळलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्यें केसाहूनही पातळ असा एक सच्छिद्र पडदा असतो. सभोंवतीं असतो तो द्रव ज्वालाग्राही. घट चेपला, टोंचला, प्रमाणाबाहेर तापला किंवा मुळांतच ओबडधोबड बनविलेला असला, म्हणजे तो पडदा फाटतो. दोन्ही पट्ट्या एकमेकींस भिडतात, क्षणांत प्रचंड उष्णता होते, ती शेजारच्या घटास पेटविते, आणि ही माळ बाहेरच्या हवेवांचूनही कांहीं काळ चालूं राहते.

२८ जानेवारी २०२५ रोजीं रात्रीं दक्षिण कोरियांतील बुसान येथील विमानतळावर ‘एअर बुसान’ कंपनीचें हाँगकाँगला निघालेलें एक विमान उड्डाणापूर्वींच पेटलें. आंत १७६ माणसें होतीं. तीं सर्व घसरपट्ट्यांवरून खालीं उतरून वांचलीं. विमानाचें छत मात्र जळून गेलें. आसनांच्या डोक्यावरील सामानाच्या कप्प्यांत असलेल्या एका पॉवर बँकेंतील आवरण निकामी होऊन ही आग लागली असावी, असा चौकशी करणाऱ्यांचा अंदाज पुढें प्रसिद्ध झाला. त्या देशानें लागलीच १ मार्च २०२५ पासून असा नियम केला कीं, पॉवर बँक वरच्या कप्प्यांत न ठेवतां प्रवाशानें स्वतःजवळ ठेवावी. चीननें २८ जून २०२५ पासून आपल्या अंतर्गत विमानांत राष्ट्रीय प्रमाणचिन्ह नसलेल्या पेट्या नेण्यास बंदी केली.

विमानतळावर पेटी मोठ्या सामानांत का घालूं देत नाहींत, म्हणून पुष्कळ प्रवासी चिडतात. त्यांनीं ही हकीकत ध्यानीं घ्यावी. विमानाच्या पोटांतील मालकक्षांत आग विझविणारा वायु सोडण्याची सोय असते. पण तो ज्वाला दडपूं शकला, तरी घटाच्या आंत वाढत चाललेली उष्णता थांबवूं शकत नाहीं. प्रवाशाजवळ पेटी असली तर धूर लगेच दिसतो आणि सेवकांस पाणी ओतून ती थंड करतां येते. नियमाचा आंकडाही वॅट-तासांतच आहे. १०० वॅट-तासांपर्यंतची पेटी हातच्या सामानांत नेतां येते. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमति लागते. त्यापुढें मनाई आहे. किती पेट्या न्याव्या आणि विमानांत त्यांचा वापर करावा कीं नाहीं, याबाबत निरनिराळ्या कंपन्यांचे नियम याहूनही कडक असतात. ते निघण्यापूर्वीं वाचावे.

आतां थापेच्या आंकड्याचा दुहेरी फटका पाहा. स्वस्त मिळाली म्हणून कोणी ‘पन्नास हजारां’ची पेटी घेतो. आंत कदाचित् दहा हजारांचेच घट असतात. परंतु विमानतळावरील अधिकारी घट फोडून पाहत नाहीं, छापलेला आंकडा पाहतो. पन्नास हजार म्हणजे १८५ वॅट-तास! पेटी तेथेंच ठेवून पुढें जावें लागतें. मोबाईल भरतांना ती पेटी लहान ठरते, आणि विमानतळावर मोठी ठरते. दोन्ही वेळां दंड ग्राहकालाच.

विमानानें न जाणाऱ्यांनींही सावध असावें. मार्च २०२१ मध्यें पश्चिम रेल्वेनें आगीच्या भयास्तव रात्रीं अकरा ते पहांटे पांचपर्यंत गाड्यांतील मोबाईल भरण्याचे सॉकेट बंद ठेवण्याचें ठरविलें. सॉकेट बंद असलें म्हणजे प्रवासी पेटी व मोबाईल एकत्र जोडून उशीखालीं घालून झोंपतो. हें मात्र करूं नये. कापसाच्या उशीखालीं उष्णतेस वाट मिळत नाहीं, आणि झोंपलेल्या माणसाला पहिला धूर दिसत नाहीं.

मग घ्यावयाचें तरी कसें? पेटी हातांत घेऊन प्रथम पाठ वाचावी. वॅट-तास छापलेले आहेत काय? रेटेड कपॅसिटी दिली आहे काय? भारतांत पॉवर बँकेस भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तेव्हां ब्यूरोचें चिन्ह आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्यें घालून पाहिला, कीं तो कोणाच्या नांवें आहे हें घरबसल्या कळतें. मग तराजू आहेच. वापरांत असलेली पेटी फुगली, तिला वास येऊं लागला किंवा ती जोरानें आपटली, तर तिचा मोह सोडावा. मात्र ती घंटागाडींतील कचऱ्यांत टाकूं नये; कचरा दाबतांना तीच चेपून पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रांत ती द्यावी.

फसवणूक झालीच, तर मुकाट्यानें बसण्याचें कारण नाहीं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीलाही लागू आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीकडे तक्रार नोंदवितां येते, आणि जिल्हा आयोगापुढें पांच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस शुल्क पडत नाहीं. पावती आणि खोकें मात्र जपून ठेवावें, कारण खोटा आंकडा छापलेला असतो तो खोक्यावरच.

आपल्या आज्या दूधवाल्याचें माप उपडें करून त्याचा तळ पाहत. त्यांना पदार्थविज्ञान येत नव्हतें. पण मापाचा तळ आंत ठोकलेला असला तर दूध कमी येतें, एवढें त्या जाणून होत्या. आजचें माप व्होल्ट आणि अँपिअर यांचें आहे, इतकाच फरक. पेटी उपडी करून तिची पाठ वाचण्याची तीच संवय आपण लावून घेतली, तर लबाड विक्रेत्याला बाजारांत उभें राहणें कठीण होईल.